‘दिलदार’ कुणाला म्हणायचं?

रविवारी सकाळी मी अमराठी मंडळींना मराठी शिकवते. बहुतेक जण नोकरीसाठी पुण्यात आलेले, तिशीच्या आसपासचे. मागच्या महिन्यात त्यांना गृहपाठ दिला होता : शिकलेल्या दहा विशेषणांचा वाक्यात उपयोग करा. चेन्नईहून आलेल्या एका मुलीनं वहीत लिहून आणलं, ‘माझी आजी फार दिलदार आहे. ती रोज मांजरीला दूध घालते.’

व्याकरणात काही खोट नव्हती. तरी वाक्य वाचून मी अडखळले. ‘दिलदार’ खोडून वर ‘मायाळू’ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. तिनं लगेच विचारलं, ‘पण शब्दकोशात तर दिलदार म्हणजे उदार, मोठ्या मनाचा असंच आहे ना?’ तसंच आहे. शब्दकोशाचं काही चुकलेलं नाही. आजीचं मनही मोठंच असणार. मग हा शब्द तिथे का बसत नाही, हे मला त्या वेळी चार वाक्यांत सांगता आलं नाही. तासाची वेळही संपत आली होती. तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते इथे सांगते.

मराठीत चांगुलपणासाठी शब्दांची वानवा नाही. अडचण अशी की शब्दकोशात ते सगळे एकमेकांच्या पुढे समानार्थी म्हणून येतात आणि बोलताना मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

‘दयाळू’ घ्या. दया करायची तर समोरचा आपल्यापेक्षा अडलेला, दुबळा असावा लागतो. म्हणून देव दयाळू असतो, राजा दयाळू असतो, गोष्टीतला सावकार शेवटी दयाळू होतो. आपण आपल्या मित्राला दयाळू म्हणत नाही. म्हटलं तर त्याला ते टोचेल, कारण त्यात तू वर आणि मी खाली असं येतं. ‘कनवाळू’ आणि ‘मायाळू’ हे त्याहून ओलसर शब्द. त्यांत आईपण आहे. लेकरं, वासरं, मांजरं, आजारी माणूस, दारात आलेला भुकेला, यांच्याकडे पाहून ज्याचं मन हलतं तो कनवाळू. दूध घालणारी आजी इथली.

‘दानशूर’ला पैसा लागतो. पैसा, जमीन, धान्य, काही तरी मोजून देण्यासारखं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती आणि लोक होडीनं ये-जा करत. पावसाळ्यात ते जिवावरचं काम असे. पूल बांधायला सरकार खर्च करेना, तेव्हा आवाबाई जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. त्यांना दानशूर म्हणायचं, आणि तो शब्द त्यांना पुरेपूर शोभतो.

‘सढळ’ हा शब्द तर हाताला चिकटलेलाच आहे. सढळ हातानं तूप वाढलं, सढळ हस्ते मदत करा. सढळ मन, सढळ माणूस असं कुणी म्हणत नाही.

‘उदार’ मात्र मोठा प्रवास केलेला शब्द आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ उंच, थोर. ‘उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्’ यातले उदारचरित लोक म्हणजे खिशातून पैसे काढणारे लोक नव्हेत. हा आपला, तो परका अशी मोजदाद न करणारे थोर वर्तनाचे लोक. पुढे त्याला ‘देणारा’ हा अर्थ चिकटला. इंग्रजी अमदानीत नव्या राजकीय विचारासाठी शब्द हवा होता, तेव्हा ‘उदारमतवाद’ झाला. १९९१ मध्ये देशानं आर्थिक धोरण बदललं तेव्हा ‘उदारीकरण’ आलं, आणि स्पर्धा परीक्षेची मुलं खाजगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरण याचं ‘खाउजा’ करून पाठ करू लागली. या सगळ्यांत माझा आवडता वापर मात्र जुना आहे : ‘जिवावर उदार होणं’. जीव हीसुद्धा आपल्याकडची एक चीज, आणि ती द्यायला माणूस तयार झाला, असा त्याचा अर्थ. गड लढवणारे जिवावर उदार होत. भर पुरात दुसऱ्याला वाचवायला उडी घेणाराही जिवावर उदार होतो. इतका मोठा असल्यामुळेच ‘उदार’ हा शब्द रोजच्या बोलण्यात थोडा अवघडतो. ‘आमचा शेजारी फार उदार आहे’ हे वाक्य चुकीचं नाही, पण ते पुस्तकातून उठून आल्यासारखं वाटतं.

आता ‘दिलदार’. या शब्दात वर-खाली नसतं. तो बरोबरीच्या माणसांमधला शब्द आहे. मित्र, भागीदार, शेजारी, प्रतिस्पर्धी, आणि हो, शत्रूसुद्धा. ‘दिलदार शत्रू’ हा शब्दप्रयोग मराठीत चांगला रुळलेला आहे. ‘दयाळू शत्रू’ म्हणून पाहा, ‘मायाळू शत्रू’ म्हणून पाहा. जमत नाही. ज्या ठिकाणी माणसाला कोतेपणानं वागायची पूर्ण मुभा होती, त्यानं तसं वागणं कुणी गैर मानलं नसतं, आणि तरी तो तसा वागला नाही, तिथे आपल्या तोंडी हा शब्द येतो. मांजर आजीच्या बरोबरीची नाही. मांजरीशी तिचं भांडण नव्हतं, स्पर्धा नव्हती, हिशेब नव्हता. म्हणून तिथे माया आहे, दिलदारी नाही.

हे मला उदाहरणावरूनच कळलं, आणि तेही फार लहानपणी.

माझे आजोबा, तात्या, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शेती करायचे. शेजारच्या रानाच्या मालकाशी, आमच्या बांधकऱ्याशी, त्यांचा दिवाणी दावा चालू होता. बांध कोरल्याचा. दर नांगरटीला बांध इंच इंच सरकतो आणि दहा वर्षांनी वावभर जमीन गेलेली असते, हे ज्यांच्या घरात शेती आहे त्यांना सांगायला नको. तारखांवर तारखा पडत होत्या. दोन्ही घरांत बोलणं बंद. आम्हा पोरांनाही त्यांच्या चिंचेखाली जायची बंदी.

त्या वर्षी बांधकऱ्याची मोटर जळाली. गहू चिकात होता. गव्हाला या वेळी एक पाणी चुकलं की दाणा चिमतो, पोतं भरत नाही. मोटर दुरुस्तीला तालुक्याला गेलेली, चार-पाच दिवस तरी येणार नव्हती. वीज रात्रीची होती. आमच्या विहिरीवर रात्रभर मोटर चालायची आणि तात्या बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी पिकात वळवायला, जायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते परत आले तेव्हा आजी चुलीपुढे होती. तिनं विचारलं, ‘भिजला का आपला तुकडा?’ तात्या म्हणाले, ‘आपला उद्या. आज दारं पलीकडं मोडलं.’ म्हणजे रात्रभर आमच्या विहिरीचं पाणी त्यांच्या गव्हाला गेलं होतं. आजीनं फुंकणी खाली ठेवली. ‘अन् दावा?’ तिनं एवढंच विचारलं. तात्या पायाचा चिखल खरवडत म्हणाले, ‘भांडान बांधाचं हाय. गव्हानं काय केलंय?’

दुसऱ्याही रात्री त्यांनी पाणी दिलं. दावा मागे घेतला नाही. पुढच्या तारखेला दोघंही एकाच एसटीनं कोर्टात गेले, वेगवेगळ्या बाकांवर बसून. पण बांधकरी पारावर बसून म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं, ‘माणूस दिलदार हाय. दाव्याचं येगळं.’ तात्यांना दिलदार म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, त्यांच्या विरोधातल्या माणसाच्या तोंडून आलेलं. मला वाटतं या शब्दाची खरी साक्ष तिथूनच यावी लागते.

पाटाचं ‘दारं’ म्हणजे दार, दरवाजाच. ‘दिलदार’मधला ‘दार’ निराळा. तो फारसी आहे. फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे जवळ असणं, बाळगणं, आणि त्याचं रूप ‘दार’. ज्याच्याकडे जे, तो त्याचा दार. जमीनदार, इनामदार, वतनदार, सुभेदार, हवालदार, दुकानदार, भागीदार. कारभाराच्या वाटेनं हे शब्द मराठीत आले आणि ‘दार’ आपल्याला इतका आवडला की आपण तो घरच्या शब्दांनाही लावला. पाणीदार डोळे. टोकदार पेन्सिल. चवदार आमटी. यांत पाणी, टोक, चव हे सगळे आपले आणि शेपूट फारसी. (‘घरदार’ यात नाही बरं का, तिथलं दार खरंच दरवाजाचं.)

‘दिल’ म्हणजे हृदय, काळीज. तेव्हा दिलदार म्हणजे दिल बाळगणारा. पण कुणाचं दिल? इथे गंमत आहे. फारसी कवितेत दिलदार म्हणजे प्रिय व्यक्ती. प्रेम करणाऱ्याचं हृदय तिच्याकडे गेलेलं असतं, तिनं ते धरून ठेवलेलं असतं, म्हणून ती दिलदार. हिंदी गाण्यांतून हा अर्थ आपल्या कानावर पडतो. लावणीतला ‘दिलवर’ही त्याच गोतातला. मराठी बोलण्यात मात्र हा अर्थ टिकला नाही. आपण म्हटलं, दिलदार म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं दिल आहे तो. मालदाराकडे माल, तसं दिलदाराकडे दिल, आणि तेही चांगलं ऐसपैस. दुसऱ्याचं काळीज पळवणारा शब्द आपण स्वतःचं काळीज राखणाऱ्याला दिला. हिंदीतही ‘उदार’ हा अर्थ आहेच, पण तिथे दोन्ही अर्थ नांदतात. मराठीत प्रेयसीला कुणी ‘माझी दिलदार’ म्हणालं तर ऐकणारा समजेल की तिनं याचं कर्ज फेडलं असावं.

आणि हा शब्द परका म्हणावा तर तेही पुरतं खरं नाही. फारसी आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या बहिणी. फारसी ‘दिल’ आणि संस्कृत ‘हृद्’ यांचं मूळ एक. फारसी ‘दार’ आणि आपला ‘धर’, म्हणजे गंगाधर, गिरिधर, विद्याधर यांतला, हेही एकाच धातूचे. दिलदार हा म्हणजे नात्यानं ‘हृदयधर’ झाला. फार वर्षांपूर्वी वेगळ्या गावी राहायला गेलेला भाऊबंद परत आला आणि आपण त्याला ओळखलं नाही, असं काहीसं.

शिवकाळात कारभारातले फारसी शब्द बाजूला करून संस्कृत शब्द आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधव जूलियन यांनी तर १९२५ मध्ये फारसी-मराठी कोशच केला आणि तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूनं लिहू लागले. पुष्कळ फारसी शब्द या ओघात गेले. काही गेले ते बरंही झालं. दिलदार राहिला. विशालहृदयी, उदारहृदयी असे शब्द आहेत, पण विशालहृदयी माणसाबरोबर टपरीवर चहा प्यावासा वाटत नाही. ज्याचं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही तो शब्द टिकतो, एवढं साधं कारण मला दिसतं.

‘दिल’ एकटं मराठीत फारसं फिरत नाही, हेही माझ्या विद्यार्थ्यांना सांगावं लागतं. मन दुखतं, काळीज तुटतं, हृदय भरून येतं. ‘माझं दिल दुखलं’ असं मराठी माणूस म्हणत नाही. पण जोडून आलं की दिल घरचं होतं. दिलासा देणं. दिलखुलास गप्पा. भांडलेल्या दोघांची दिलजमाई. आणि दिलगिरी, जी वर्तमानपत्रं चुकीच्या छपाईबद्दल व्यक्त करतात. ‘गीर’ म्हणजे पकडलेला, तेव्हा दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज कशानं तरी धरलं आहे असा. चुकीबद्दल मन धरलं जाणं आणि मन मोकळं असणं, दोन्ही टोकांना हाच ‘दिल’.

वापराचं थोडं. दिलदार हा शब्द लिंग-वचनानं बदलत नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं. पण दिलदार मुलगा, दिलदार मुलगी, दिलदार मुलं. नाम करायचं तर दिलदारी किंवा दिलदारपणा. तो माणसाला लागतो, फार तर स्वभावाला, वृत्तीला, मनाला. वस्तूला किंवा रकमेला लागत नाही. एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, ‘कंपनीने दिलदार बोनस दिला.’ बोनस घसघशीत असतो, देणगी भरघोस असते, तरतूद भरीव असते. ‘मालकानं दिलदारपणे जास्तीचा बोनस दिला’ हे चालेल, कारण तिथे दिल मालकाचं आहे.

पैशाचा संबंध असलाच तर तो असा, आडून. मुळात दिलदारीला पैसा लागतच नाही. लागतं ते हातातलं काही तरी सोडायची तयारी : हक्क, श्रेय, राग, कधी कधी जिंकण्याची संधी.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा. कप्तान होते गुंडप्पा विश्वनाथ. भारताच्या २४२ धावांपुढे इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत होते. कपिल देवच्या चेंडूवर टेलर यष्टिमागे झेलबाद असल्याचं अपील झालं आणि पंचांनी बोट वर केलं. टेलर घुटमळले, चेंडू बॅटला लागला नाही असं त्यांचं म्हणणं चेहऱ्यावर दिसत होतं. पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथना चेंडू लागला नाही हे ठाऊक होतं. त्यांनी पंचांना सांगून टेलरना परत खेळायला बोलावलं. पुढे बोथम आणि टेलर यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या. बोथमनी शतक ठोकलं, सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत १० गड्यांनी हरला. विश्वनाथ दोनच कसोटींत कप्तान होते आणि त्यांतली ही दुसरी. कप्तानानं पंचाच्या निर्णयात पडायचं कारण नव्हतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. त्या क्षणी धावफलक काय सांगतो हे विश्वनाथना मैदानावरच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. माहीत असून त्यांनी बोलावलं, म्हणून तर ती दिलदारी.

दुसरं उदाहरण पुण्याचं. टिळक जहाल, गोखले नेमस्त. दोघांचा वाद वर्षानुवर्षांचा, आणि तो नुसता मतांचा राहिला नव्हता. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती या दोन पक्षांच्या भांडणातच. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. स्मशानात टिळक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी गोखल्यांना भारताचा हिरा म्हटलं, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं आणि यांच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा असं जमलेल्यांना सांगितलं. मतभेद मिटले होते असं मुळीच नाही. टिळकांचं राजकारण दुसऱ्या दिवशीही तेच होतं. समोरच्याचं मोठेपण मान्य केलं म्हणून आपली बाजू उणी होत नाही, हा भरवसा त्यांना होता.

कुस्तीच्या आखाड्यात हे अजून दिसतं. जानेवारी २०२० मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत जिंकल्यावर हर्षवर्धन सदगीर यांनी हरलेल्या शैलेश शेळके यांना खांद्यावर उचलून घेतलं. दोघं एकाच तालमीतले. विजेत्याला खांद्यावर घ्यायची रीत आहे, इथे विजेत्यानं पराभूताला घेतलं. त्या फोटोखाली आणखी काही लिहायची गरज नव्हती.

तात्या, विश्वनाथ, टिळक, या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांना हिशेब येत होता. ज्याला हिशेबच कळत नाही, म्हणून ज्याच्याकडून लोक काढून घेतात, तो दिलदार नव्हे. तो भोळा, लोक मागून त्याला भोळसट म्हणतात. हातात पैसा ठरत नाही म्हणून जो वाटत सुटतो, तो उधळ्या. बाहेर मित्रांना हॉटेलात नेणारा आणि घरी बायकोला भाजीच्या पैशांचा हिशेब विचारणारा माणूस बाहेर दिलदार म्हणून मिरवतो. त्याच्या घरच्यांना विचारून मगच त्याला हा शब्द द्यावा असं माझं मत आहे. दिलदाराला देणं-घेणं, मान-अपमान, कोण चुकलं, सगळं लक्षात असतं. तो ते पुढे रेटत नाही.

म्हणूनच त्याचा विरुद्धार्थी शब्द कंजूष हा नाही, जरी शाळेत आपण तसं पाठ करतो. कंजूष, चिक्कू, कवडीचुंबक ही पैशाची माणसं. दिलदाराच्या उलट असतो तो कोत्या मनाचा, खुनशी, डूख धरणारा. आणि हा ‘कोता’ही फारसीतलाच. कोताह म्हणजे आखूड. अंगावर आखूड पडलेल्या कपड्यासारखं आखूड पडलेलं मन. दिलदार आणि कोता दोघं एकाच गावाहून आले आणि मराठीत येऊन समोरासमोर उभे राहिले.

या शब्दाची आणखी एक खोड आहे : तो स्वतःला लावता येत नाही. ‘मी प्रामाणिक आहे’ म्हणता येतं, नोकरीच्या अर्जात तसं लिहितातही. ‘मी दिलदार आहे’ म्हटलं की त्याच क्षणी तो माणूस दिलदार राहत नाही, कारण सोडलेलं त्यानं मोजून दाखवलं. शब्द दुसऱ्यानं द्यायचा असतो. कधी लाडीगोडीनंही देतात : ‘तू दिलदार माणूस, आजचा चहा तुझ्याकडून.’ त्यात वावगं काही नाही, हक्काच्या मैत्रीतला तो प्रकार आहे.

पण चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जेव्हा ‘दिलदार मनाचा राजा माणूस’ वाचते तेव्हा मला वाईट वाटतं. भाषेच्या अंगानं ते ‘पिवळा पितांबर’ आहे, दिल म्हणजे मनच, ते दोनदा आलं. ते सोडून देता येईल, बोलीत असं होतंच. सलतं ते वेगळंच. फ्लेक्सवरचा प्रत्येक जण दिलदार, प्रत्येक शोकसभेत दिलदार व्यक्तिमत्त्व हरपलेलं. कुणासाठी काय सोडलं, याची साक्ष त्यात कुठेच नसते. एवढा जपून ठेवलेला शब्द असा सरसकट वाटायला नको. आमच्या बांधकऱ्यानं तो उच्चारला तेव्हा त्याला काही तरी गिळून तो उच्चारावा लागला होता.

आणि फ्लेक्सवर बाई दिलदार असल्याचं मी अजून वाचलेलं नाही. व्याकरण आडवं येत नाही, सवय येते. बाईच्या चांगुलपणाला आपण प्रेमळ म्हणतो, मायाळू म्हणतो, सोशिक म्हणतो. म्हणजे ती जे देते ते तिच्या स्वभावातच होतं, ते देताना तिनं काही सोडलं असं आपण धरतच नाही. मीसुद्धा धरलं नव्हतं.

शिकून बाहेर पडल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण एकाच जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. जागा एकच, मराठीच्या शिक्षिकेची. तिचा नंबर आधी होता. ती बाहेर आली, मी जिन्यात उभी होते. घरी दोघींनाही नोकरीची सारखीच गरज होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ‘फळ्यापाशी उभं करून शिकवायला लावतात. प्रयोग विचारले मला. कर्मणीशी मी गोंधळले. तू उजळणी करून जा, अजून पंधरा मिनिटं आहेत.’ स्वतःची वही तिनं माझ्या हातात दिली. मला कर्मणी प्रयोगच विचारला. ती नोकरी मला लागली. तिला दुसरीकडे लागायला दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात तिनं त्या जिन्याचा विषय एकदाही काढला नाही. मी लोकांना तिच्याबद्दल सांगताना ‘फार साधी आहे, गुणी आहे’ असंच सांगत आले.

आजी आणि मांजरीचं वाक्य तपासलं त्या रात्री मी तिला फोन केला. गृहपाठाचं सांगितलं, तात्यांचं सांगितलं आणि मग म्हणाले, की तू दिलदार आहेस, हे तुला कधी म्हटलंच नाही. ती हसायला लागली. म्हणाली, ‘काय गं, माझा फ्लेक्स लावतेस की काय चौकात?’ मग थोडं थांबून विचारलं, ‘आणि त्या मुलीचे मार्क किती कापलेस?’

अर्धा, मी म्हटलं.

‘तिला सांगितलंस का, का कापला ते?’

नव्हतं सांगितलं. पुढच्या रविवारी तास सुरू व्हायच्या आधी मी तिची वही मागून घेतली आणि तो अर्धा मार्क परत दिला.